हिवाळी भाज्या दरवर्षी फसतात? आधी पेरणीची तारीख तपासा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुण्यातल्या गच्ची-बागवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. टोमॅटोला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा झाला आणि तिथेच फुटला. कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर आली. लेट्यूस उगवलंच नाही. कांद्याची पात गुडघ्याला लागतेय आणि खाली कांद्याचा पत्ता नाही.

यावर बहुतेक जण आधी खत बदलतात, मग माती, मग रोपवाटिका. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. लक्षणं नीट पाहिली तर यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. झाडाला फुलायला जी हवा लागते, ती येऊन गेली तेव्हा झाड तयार नव्हतं, आणि झाड तयार झालं तेव्हा हवा बदललेली होती. म्हणजे पेरणीची तारीख चुकली. ही चुकीची तारीख आपल्याकडे दोन वाटांनी येते: एक परदेशी बियाण्याच्या पाकिटावरून, दुसरी दिवाळीवरून.

पाकिटावरची तारीख

ऑनलाइन मागवलेल्या बियाण्याच्या पाकिटावर आणि परदेशी व्हिडिओंमध्ये एक वाक्य हमखास असतं: शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात बी पेरा, फ्रॉस्टचा धोका टळला की रोपं बाहेर लावा. फ्रॉस्ट म्हणजे रात्री पानांवर बर्फ धरणं. इंग्लंड किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात ही तारीख एप्रिल-मेमध्ये येते आणि तिथला टोमॅटो त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाढतो. तिकडे थंडी हा झाडाचा शत्रू आहे, त्यामुळे सगळं वेळापत्रक थंडी संपण्यावर टांगलेलं असतं.

पुण्यात तो खुंटाच नाही. शिवाजीनगरच्या हवामान केंद्रावर नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान 1.7 अंश आहे, तेही 17 जानेवारी 1935 चं. एरवी वर्षातली सगळ्यात थंड रात्रही साधारण 6 ते 9 अंशांपर्यंत उतरते. आता ‘फ्रॉस्ट संपल्यावर’ हे वाक्य जसंच्या तसं उचलून फेब्रुवारीत बी पेरलं आणि एप्रिलमध्ये रोप गच्चीवर ठेवलं, तर ते थेट 38 अंशांच्या उन्हात सापडतं. टोमॅटो त्यात जगलाच तरी फळ धरत नाही.

काही जण अमेरिकेतला ‘झोन’ शोधतात. त्या हिशेबाने पुणं साधारण झोन 11 मध्ये बसतं. पण झोन फक्त हिवाळ्यातलं सर्वांत कमी तापमान सांगतो. पाऊस कधी थांबतो, मार्चमध्ये ऊन किती तापतं, हे त्यात कुठेच येत नाही. परदेशी कॅलेंडर वाचायचंच असेल तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं वाचा. तिथेही हवा उष्ण आणि दमट, फ्रॉस्ट जवळपास नाही, आणि तिथले लोक टोमॅटोची लावणी उन्हाळा ओसरल्यावर करतात. आपल्यालाही तेच करायचं आहे.

‘दिवाळी झाली की लावू’

ही वाट जास्त घोटाळा करते, कारण ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. दिवाळीची साफसफाई होते, कुंड्या रिकाम्या होतात, सुट्टी असते आणि हवेत गारवा आलेला असतो. बी पेरायला याहून चांगला मुहूर्त कुठला, असं वाटणं साहजिक आहे.

पण दिवाळी चांद्र पंचांगावर चालते आणि सूर्याच्या मानाने पुढेमागे सरकते. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. तीन वर्षांत तब्बल 22 दिवसांचा फरक. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ती पुन्हा 8 नोव्हेंबरवर जाते. पुण्याचा भाजीचा हिवाळा मुळातच जेमतेम चार महिन्यांचा. त्यात तीन आठवडे इकडचे तिकडे झाले तर एक वर्ष साधतं आणि दुसरं फसतं. मग साधलेल्या वर्षाचं श्रेय कुठल्यातरी नव्या खताला जातं आणि फसलेल्या वर्षाचा दोष नर्सरीवर येतो.

टोमॅटोचा हिशेब मांडून बघा. बी पेरल्यापासून रोप लावणीला यायला चार आठवडे. तिथून पहिली फुलं दिसायला आणखी चार-पाच आठवडे. फुलापासून पिकलेलं फळ हातात यायला साधारण दीड महिना. फुलातला परागकण नीट काम करायला रात्रीचं तापमान साधारण 15 ते 20 अंश हवं. दिवसा 32-35 च्या वर गेलं तरी फुलं गळतात आणि रात्री 12-13 च्या खाली गेलं तरी फळधारणा मंदावते.

आता 2023 सारख्या वर्षी दिवाळी आटोपून 18-20 नोव्हेंबरला बी पेरलं असेल, तर लावणी डिसेंबरच्या विशीत, फुलं जानेवारीच्या शेवटी. त्या वेळी पुण्यात रात्री 10-11 अंश. फुलं येतात आणि गळतात. फळ धरायला फेब्रुवारीचा मध्य उजाडतो आणि पिकायला मार्चचा शेवट. टोमॅटोचा लाल रंग 30-32 अंशांच्या वर नीट तयारच होत नाही, म्हणून ती फळं पिवळट-केशरी राहतात. वर लाल कोळी ही कीड. तेच बी 15 सप्टेंबरला पेरलं असतं तर लावणी ऑक्टोबरच्या मध्याला, फुलं नोव्हेंबरच्या मध्याला, रात्री 15 अंशांच्या आसपास असताना. संक्रांतीच्या आधी टोमॅटो ताटात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बागेचं वेळापत्रक सणांवर ठेवू नये, नक्षत्रांवर ठेवावं. शेतकरी पेरणीसाठी जी नक्षत्रं मोजतात ती सूर्याची असतात आणि दरवर्षी एक-दोन दिवसांच्या फरकाने त्याच तारखेला लागतात. उत्तरा 13 सप्टेंबरच्या सुमारास, हस्त 27 सप्टेंबरला, चित्रा 10-11 ऑक्टोबरला, स्वाती 24 ऑक्टोबरला, विशाखा 6-7 नोव्हेंबरला. भिंतीवरच्या साध्या कॅलेंडरात हे छापलेलं असतं. बियाण्याच्या डब्यावर ‘टोमॅटो: उत्तरा’, ‘वाटाणा: चित्रा’ असं लिहून ठेवा, पुन्हा हिशेब करावा लागणार नाही.

पुण्याची दोन दारं

फ्रॉस्टच्या जागी आपल्याला दोन गोष्टी बघायच्या आहेत. पहिलं दार उघडतं ते मोसमी पाऊस परतताना, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दुसरं दार बंद होतं ते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, ऊन चढू लागलं की. ढोबळमानाने शिवाजीनगरची रात्रीची सरासरी ऑक्टोबरमध्ये 19-20, नोव्हेंबरमध्ये 15, डिसेंबर-जानेवारीत 11-12, फेब्रुवारीत 12-13 आणि मार्चमध्ये 16-17 अंश असते. दिवसाचं कमाल डिसेंबरात 29 च्या आसपास, फेब्रुवारीत 32, मार्चमध्ये 36.

हिशेब उलटा करायचा. पीक कुठल्या महिन्यात फुलावर किंवा गड्ड्यावर यायला हवं ते आधी ठरवा, तिथून आठवडे मागे मोजा, आणि जी तारीख येईल ती पाळा. बहुतेक हिवाळी फळभाज्यांसाठी ती सप्टेंबरातच येते, म्हणजे आपण गणपती विसर्जनाच्या गडबडीत असतो तेव्हा. म्हणूनच ती चुकते.

लक्षणावरून कारण

टोमॅटोची फुलं गळत असतील तर देठ जवळून बघा. फुलाच्या मागे देठावर मध्येच एक फुगीर पेर असतं. फळ न धरलेल्या फुलाचं हे पेर आधी पिवळं पडतं, आणि बोट लावलं की फूल बरोब्बर तिथूनच सुटून येतं. असं दिसलं की परागीभवन झालेलं नाही असं समजायचं. कीड असती तर फूल कुरतडलेलं किंवा काळं पडलेलं दिसलं असतं. अशा वेळी खत वाढवलं, विशेषतः नत्र, तर पानं माजतात आणि फुलं आणखी गळतात. जानेवारीतली गळ असेल तर झाड उपटू नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या झुपक्याला बोटाने हलकी टिचकी मारा, पाणी थोडं कमी करा आणि फेब्रुवारीच्या उबदार रात्रींची वाट बघा. मार्चमधली गळ असेल तर मात्र त्या झाडावर पाणी आणि जागा घालवण्यात अर्थ नाही.

फ्लॉवरचं प्रकरण थोडं निराळं आहे. तिथे तारखेइतकीच जातही महत्त्वाची. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या जाती, उदाहरणार्थ पुसा दीपाली, 20-25 अंशांतही गड्डा धरतात. गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या स्नोबॉल प्रकारांना 10 ते 16 अंशांची सलग थंडी लागते. पुण्यात दिवस 29-30 अंशांचा असतो, त्यामुळे स्नोबॉलला इथे जेमतेम डिसेंबर-जानेवारीच मिळतो, आणि ढगाळ आठवडा आला की तोही हातचा जातो. दुकानात नुसतं ‘फ्लॉवरचं बी द्या’ म्हटलं तर यातलं काहीही हातात पडू शकतं, म्हणून जातीचं नाव विचारूनच घ्या. दुकानदाराला नाव सांगता आलं नाही तर ते बी घेऊ नका. हळवी जात ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरायची, स्नोबॉल हस्तात.

लिंबाएवढा गड्डा येऊन थांबतो त्याची कारणं दोन. हळवी जात उशिरा पेरली की झाडाला पुरेशी पानं यायच्या आतच थंडी त्याला गड्ड्याकडे ढकलते. किंवा रोप ट्रेमध्ये जास्त दिवस अडकून राहिलं, मुळं एकमेकांत गुंतली, आणि लावल्यावर वाढलंच नाही. दुसरं कारण मला जास्त वेळा दिसतं. नर्सरीतून रोपं आणताना उंच, जाड देठाची, खालची पानं पिवळी पडलेली रोपं ‘मोठी आहेत’ म्हणून उचलली जातात. चार-पाच पानांचं, बुटकं, हिरवंगार रोप घ्या. सहा आठवड्यांच्या वरचं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नये.

कांद्याला नुसती पात येत असेल तर बियाण्याचं मूळ शोधा. कांदा दिवसाची लांबी मोजून गोळा धरतो. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. थंड देशांतल्या कांद्याच्या जातींना गोळा धरायला चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. तो आपल्याकडे कधीच उगवत नाही, त्यामुळे ते पाकीट कितीही महाग असलं आणि कुठल्याही तारखेला पेरलं तरी पातच मिळणार. यावर इलाज अगदी जवळ आहे. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे आणि तिथल्या भीमा शक्ती, भीमा किरण या रब्बीच्या जाती आपल्याच दिवसमानासाठी तयार झालेल्या आहेत. हा कांदा मात्र स्वाती-विशाखात पेरून डिसेंबरात लावायचा. फार लवकर लावून मोठी झालेली रोपं थंडीत सापडली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात आणि कांदा पोकळ राहतो. म्हणजे दिवाळीचा मुहूर्त खरोखर चालतो असं हे एक पीक.

लसणाचंही तसंच. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या पाकळ्यांचा डोंगरी किंवा आयात लसूण लावून इथे गड्डी भरत नाही. गावरान, बारीक पाकळ्यांचा घ्या आणि चित्रा-स्वातीत लावून मोकळे व्हा.

लेट्यूस न उगवण्यामागे बी जुनं असल्याची शंका सगळ्यांना येते. खरं तर लेट्यूसचं बी 27-28 अंशांच्या वर झोपून राहतं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये कुंडीतली माती दुपारी त्याच्या पुष्कळ वर जाते. बी ओल्या टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून डबीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा. एका टोकाला पांढरा ठिपका डोकावला की ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पसरा आणि वर माती घालू नका, कारण या बियाला उगवायला उजेड लागतो. ट्रे सावलीत, घरातल्या फरशीवर ठेवा. चौथ्या पानानंतर बाहेर.

कोथिंबीर फुलावर येते ती उष्णतेने. धने लाटण्याने हलके रगडून दोन डाळी करा, ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा-वीस दिवसांनी एक-एक कुंडी पेरत जा. एकदम सगळं पेरलं की एकदम सगळं फुलतं. फेब्रुवारीनंतर तिच्या मागे लागू नका, मेथी पेरा.

वाटाणा चित्रा-स्वातीत थेट कुंडीत पेरायचा, त्याची रोपं करून लावायची नाहीत. अर्केलसारखी हळवी जात दोन महिन्यांत शेंगा देते. डिसेंबरात पेरलेल्या वाटाण्यावर फेब्रुवारीत भुरी हा बुरशीचा रोग हमखास येतो, कारण दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दव हे तिला मानवतं. पानांवर पिठासारखे ठिपके पहिल्यांदा दिसले की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ते 3 ग्रॅम घेऊन सकाळी फवारा. दुपारी 32 च्या वर जाणाऱ्या दिवसांत गंधक टाळा, पानं भाजतात.

सप्टेंबरात पेरायचं तर रोपं कोलमडतात, त्याचं काय?

हा खरा अडथळा आहे आणि लोक दिवाळीपर्यंत थांबतात ते बऱ्याचदा याच अनुभवामुळे. सप्टेंबरात हवा दमट, ऊन लपाछपीचं, आणि परतीचा पाऊस संध्याकाळी तासाभरात कुंड्या भरून टाकतो. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण शेतातल्या रब्बीसाठी खरी आहे. ट्रेमधल्या दोन पानांच्या रोपाला तोच पाऊस मारतो.

सकाळी ठणठणीत दिसलेलं रोप संध्याकाळी आडवं पडलेलं असेल तर ते उचलून मातीच्या पातळीवर बघा. खोड तिथे दोऱ्यासारखं बारीक, पाणथळ, तपकिरी झालेलं असतं. वरची पानं अजून हिरवी असतात. ही मर आहे, पिथियमसारख्या मातीतल्या बुरशीची. ती फार ओल, दाटीवाटी आणि कोंडलेली हवा या तिघांवर जगते. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यावर औषध शोधत बसू नका. शेजारची वाचवा.

बी बागेतल्या मातीत न पेरता प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये, ताज्या कोकोपीटमध्ये पेरा. एका कप्प्यात एकच बी. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पावडर कोकोपीटमध्ये आधीच मिसळून ठेवली तर पुष्कळ फायदा होतो. रोग दिसल्यावर घातली तर फार उपयोग नाही. ट्रे जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून पाणी आणि हवा निघून जाईल. वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक उतरतं बांधा आणि बाजू मोकळ्या सोडा. चारी बाजूंनी गुंडाळलेलं प्लास्टिक पावसापेक्षा वाईट. पाणी सकाळीच, तेही कोकोपीटचा वरचा थर फिका दिसू लागल्यावर. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं.

इंचाला 40-50 भोकांच्या बारीक कीटकरोधक जाळीचा तुकडा ट्रेवर ताणून बसवा, मच्छरदाणीची भोकं त्यासाठी मोठी पडतात. या महिन्यांत पांढरी माशी फार असते आणि टोमॅटो-मिरचीची पानं आकसवणारा विषाणू तीच आणते. विषाणू शिरलेलं रोप कधीच सुधारत नाही, आणि लावणीनंतर महिन्याने ते कळतं तेव्हा हंगाम हातातून गेलेला असतो. एवढ्या एका तुकड्याने जो बचाव होतो तो नंतरच्या कुठल्याही फवारणीने होत नाही.

तुमची गच्ची म्हणजे शिवाजीनगर नव्हे

हिवाळ्यात वर्तमानपत्रात शहरातली वेगवेगळी तापमानं छापून येतात, ती नीट वाचण्यासारखी असतात. एकाच रात्री हवेली, पाषाण, एनडीए भागात 8-9 अंश असतात आणि मगरपट्टा किंवा लवळ्याला 14-15. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहून खोलगट, मोकळ्या, झाडीच्या भागात साठते. टेकडीवरचं ठिकाण त्यामुळे रात्री उबदार राहतं. दाट इमारतींमध्ये दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं. सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीला नोव्हेंबरात अजून ऑक्टोबरच चालू असतो, आणि पाषाणमधल्या बंगल्याच्या अंगणात डिसेंबर सुरू झालेला असतो.

म्हणून कमाल-किमान तापमापक घ्या. फार महाग नसतो. झाडांच्या उंचीवर, ऊन थेट पडणार नाही अशा जागी टांगा आणि सप्टेंबरपासून रोज सकाळी आकडा वहीत टिपा. एका हिवाळ्यात कळतं की तुमच्याकडे शिवाजीनगरपेक्षा किती अंश फरक आहे. उबदार गच्ची असेल तर वरच्या सगळ्या तारखा आठवडाभर पुढे सरकवा, फ्लॉवरची फक्त हळवी जात ठेवा आणि स्नोबॉलचा नाद सोडा. गारठ्याच्या अंगणात टोमॅटो आठवडाभर आधी लावा, म्हणजे जानेवारीच्या आधी फळ धरून होईल.

थंडीची लाट आली की

पुण्यात पानांवर बर्फ धरत नाही, पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि तेव्हा तिथे हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीतला असतो, कुंडीतल्या पानाचा नव्हे. तुमच्याकडे 8 अंश दाखवत असेल तर उघड्यावरचं पान 5-6 वर असू शकतं.

याचा अभ्यास आपल्याच शहराशी जोडलेला आहे. पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग 1932 मध्ये सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख होते. त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, जमिनीच्या वीत-दोन वीत वर असते. जगभर त्याला रामदास थर म्हणतात. अंगणातल्या वाफ्यात वीत-दीड वीत वाढलेल्या रोपाचा शेंडा नेमका त्याच थरात येतो. म्हणून झाकण बाजूंनी कमी आणि डोक्यावरून जास्त हवं. चार काठ्यांवर जुनी साडी किंवा चादर ताणली, पानांना न टेकवता, तरी पुरते. संध्याकाळी घाला, ऊन आल्यावर काढा. गच्चीवर असाल तर कुंड्या छज्जाखाली, पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवा. भिंतीने दिवसभर घेतलेली ऊब त्यांना रात्री मिळते.

फ्लॉवर, कोबी, वाटाणा, पालक यांना या थंडीचं काही होत नाही, त्यांना झाकू नका. झाकायचं ते मिरची, वांगी, पपईचं रोप आणि तुळस. तुळशीचं लग्न झालं की दीड-दोन महिन्यांत तुळस काळवंडते, पानं गळतात, आणि घरात उगाच काळजी सुरू होते. तिला 10 अंशांच्या खालची थंडी बाधते, दुसरं काही नसतं. मंजिऱ्या खुडा, पाणी निम्म्यावर आणा, तेही सकाळी, आणि रात्री उघड्या आकाशाखाली ठेवू नका. कढीलिंबाची पानंही डिसेंबर-जानेवारीत पिवळी होऊन झडतात. झाड विश्रांती घेत असतं. त्या वेळी खत आणि भरपूर पाणी घातलं तर मुळं कुजतात. फेब्रुवारीच्या शेवटी नवे फुटवे दिसले की मग खत.

उशीर झालाच असेल तर

हे वाचताना डिसेंबर उजाडला असेल तर टोमॅटो-फ्लॉवर बियांपासून करू नका. रोपं आणायची असतील तर पहिल्या आठवड्यातच आणा. त्यानंतर पालक, मेथी, चाकवत, मुळा, बीट आणि कोथिंबीर एवढंच. मुळ्यात पुसा हिमानी थंडीतली, पुसा चेतकी उन्हातली. पाकिटावर नाव बघून घ्या, नाहीतर मुळ्याऐवजी फुलं मिळतात. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात दिसणारे पिटुनिया आणि पॅन्झी बघून त्याच आठवड्यात ते बी पेरायचा मोह होतो. ती झाडं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असतात. नावं लिहून घ्या, पुढच्या उत्तरा-हस्तासाठी.

संक्रांतीला उन्हाळी भाज्यांची घाई करणारेही पुष्कळ आहेत. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचं बी 16-17 अंशांच्या खालच्या मातीत उगवत नाही, कुजतं. पुण्यासाठी फ्रॉस्टच्या तारखेच्या सगळ्यात जवळ जाणारी कुठली गोष्ट असेल तर ती ही. तुमच्या तापमापकावर रात्रीचं किमान सलग आठवडाभर 13-14 च्या खाली गेलं नाही की पेरा. उबदार गच्चीवर हे जानेवारीच्या शेवटी होतं, पाषाण-हवेलीकडे फेब्रुवारीच्या मध्यावर. भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती भरून ती दिवसभर उन्हात ठेवा, आणि दुपारी माती हाताला उबदार लागली की त्यात बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका. पाच-सहा दिवसांत उगवली नाही तर एक बी उकरून दाबून बघा. घट्ट असेल तर थांबा. पिचपिचीत लागलं तर ती माती दोन दिवस सुकू द्या आणि नवीन बी टाका, वेळ अजून आहे.